पाणी मी नंतर पाजलं

महाड,
५ एप्रिल २०२५

चि. ऋतिका हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन हातात असताना आईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. फोनवर आपण रोज बोलतो, पण तू काही विचारलंस की मी पटकन विषय बदलते. दीड महिना मी तेच करत आलेय. कागदावर तसं करायला गेले तर माझं मलाच दिसतं.

मी महाडला बयामावशीकडे आहे. चार दिवस झाले. मावशीचा गुडघा आता बरा आहे, जिना चढते. तिच्या सेजलला सुट्टी वाढवून मिळाली नाही, ती उद्या सकाळच्या एसटीने मुंबईला परत निघेल. पत्र तिच्याकडेच देतेय. तुझा शेवटचा पेपर नऊला ना? तिला बजावलंय, दहाला सकाळी द्यायचं, त्याआधी नाही. तिच्यावर रागावू नकोस. तिने दोनदा सांगितलं, "मावशी, तिला आधी कळू दे." मीच ऐकलं नाही. इकडचं कुणी तुला फोन करणार नाही, तेवढं बाबांनी सगळ्यांच्या हातापाया पडून बघितलंय.

आपली गाय व्याली, पाडी झाली. कपाळावर पांढरा ठिपका आहे. बाबा वाडीवर एकटेच सगळं बघतायत. हापूस यंदा बेताचाच आहे.

आता मुद्द्याचं. वीस तारखेला तुझ्या कॉलेजात सरांनी माझा सत्कार ठेवलाय, त्याला मी येणार नाही. सरांना आजच कळव, त्यांची तयारी फुकट जायला नको. तुमच्या अंकात तू माझ्यावर लिहिलेलं मी तीनदा वाचलं. "जमाव माणूस मारत होता तेव्हा माझी आई त्याच्यासाठी पाण्याचा पेला घेऊन धावली. मानवी हक्क मी पुस्तकात नंतर वाचले, घरात आधी पाहिले." पेपरात आलेला तो फोटोही छापलाय, माझ्या मांडीवर जतरूचं डोकं आणि हातात स्टीलचा पेला.

पाणी पाजलं हे खरं आहे. पण ते मी नंतर पाजलं.

आधी काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी आत खिचडी ढवळत होते, गलका ऐकून बाहेर आले, तोवर सगळं होऊन गेलं होतं, असं मी तुला सांगितलं. पोलिसांनाही पहिल्यांदा हेच सांगितलं. ते खोटं होतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. माझी मदतनीस मीटिंगला पोलादपूरला गेली होती, म्हणून अंगणवाडीत अकरा पोरं आणि मी एकटीच. त्या आठवड्यात मोबाईलवर काय काय फिरत होतं ते तुला माहीत आहे. पोरं पळवणारी टोळी, किडन्या काढतात, गाडी कशेडी घाटात दिसली. मी स्वतः ते दोन ग्रुपवर पुढे पाठवलं होतं. अंगणवाडी सेविका आहे ना, आयांना सावध करायला नको? असं वाटलं होतं.

नळयोजनेचा चर खणायला झारखंडची सहा माणसं आली होती. ताडपत्री बांधून शाळेमागे राहायची. त्यातला सोमरा रोज साडेअकराला रिकामा कॅन घेऊन यायचा आणि मी तो भरून द्यायचे. त्याला "दीदी" एवढंच यायचं. त्या दिवशी सोमराऐवजी दुसराच आला. चारच दिवसांपूर्वी आलेला, मी त्याला कधी पाहिलेला नव्हता. पोरं अंगणात खेळत होती. मी आत वजनाची नोंद मोबाईलमध्ये भरत होते, ते ॲप अडकलं होतं आणि माझं सगळं लक्ष त्यात होतं. समीक्षाचं रडू कानावर आलं. साळूबाईची नात गो, रितेशची मुलगी, चार वर्षांची.

मी दारात आले. एक परका माणूस पायरीवर बसलेला. समीक्षाचा पाय त्याने घट्ट धरलेला, आणि ती किंचाळतेय.

मी ओरडले. "पोरगी नेली! धावा रे, पोरं पळवणारा आला!"

ऋतिका, तुला माझा आवाज माहीत आहे. शेतात उभी राहून मी नदीवर खेळणाऱ्या तुम्हाला हाक मारायचे. तो आवाज वाडीभर गेला. खाली चरावरची माणसं, वर टेपावर काजूच्या बागेतली पोरं, सगळ्यांनी ऐकला.

तो दचकून उभा राहिला. समीक्षा धावत माझ्याकडे आली आणि माझ्या पदराला बिलगली. त्याने उजवा हात माझ्यापुढे केला. तळहातावर करवंदीचा काटा होता, नखाएवढा, टोकाला रक्त. तो म्हणाला, "काँटा. दीदी, काँटा था." समीक्षाच्या टाचेतून रक्ताचा थेंब येत होता.

काँटा म्हणजे काटा. तेवढं कळायला काही शिकावं लागत नाही. मला त्याच क्षणी कळलं. हे मी तुला नीट लिहून ठेवते, कारण पुढे तू मला वाचवायला बघशील, की आई घाबरली होती, तिला समजलं नसेल. मला समजलं होतं. पहिला माणूस अंगणात पोचायच्या आधी समजलं होतं.

आणि मी गप्प राहिले.

का, ते मी रोज स्वतःला विचारते. धावत येणाऱ्यांना "अरे नाय, चुकले मी, काटा काढत होता तो" असं सांगायचं होतं, बस. पंधरा-वीस माणसं कोयते, काठ्या घेऊन माझ्या हाकेला आली होती. त्यांच्यासमोर येडी ठरेन, एवढीच भीती होती गो. दुसरं काही नव्हतं. मला वाटलं, दोन थपडा मारतील, विचारपूस करतील, सोडून देतील. मी पोरांना आत घेतलं, दाराला कडी लावली आणि खिडकीशी उभी राहिले.

पहिली लाथ रितेशने मारली, पोटात. त्याची पोरगी, त्याचं डोकं फिरलेलं. जतरू दुमडला तरी हात पुढेच होता आणि तोंडाने काँटा, काँटा चाललेलं. कुणीतरी त्या हातावर बांबू मारला. मग त्याला केसांना धरून अंगणातून ओढत चरापाशी नेला. खडकाळ जमीन, त्याचा सदरा फाटून वर आला आणि पाठ सोलत गेली. वाडीतला विनीत मोबाईल धरून मागे मागे चालला होता. "नाव बोल! टोळीत किती हाय? बोल!" नाव तो सांगतच होता. जतरू उराँव, जतरू उराँव. कुणीतरी म्हणालं, "ह्ये कसला नाव? खोटा बोलतोय." त्यावरून पुन्हा मारला.

सोमरा खालून धावत आला. मारणाऱ्यांच्या मध्ये पडून हात जोडत होता, हिंदीत काहीबाही सांगत होता. त्याच्या डोक्यात फावडं बसलं. तो तिथेच बसला, चेहऱ्यावरून रक्त येतंय आणि हा नुसता बसून बघतोय. बाकीचे चौघे रानात पळाले.

मग रावजी आले. सत्तर वर्षांचा माणूस. ते जतरूच्या अंगावर आडवेच पडले. "मारू नका रे! पोरगी हाय ना जाग्यावर? हाय ना? मग कशापायी मारताव?" एवढं साधं कुणाला सुचलं नव्हतं. त्यांना दोघांनी उचलून बाजूला फेकलं, हात मोडला. तो हात अजून सरळ होत नाही. तुझ्या लेखात रावजींचं नाव नाही. पेपरातही नाही. पेपरवाले आले तेव्हा ते हॉस्पिटलात होते.

रावजींना बाजूला केल्यावर कुणीतरी टिकावाचा दांडा उचलला आणि जतरूच्या डोक्यात दोनदा घातला. पहिल्याला तो ओरडला. दुसऱ्याला आवाज वेगळाच आला, ओलं लाकूड फुटावं तसा. मग सगळे थांबले. आत पोरं रडत होती, तेवढंच.

तेव्हा मी कडी काढली आणि पेला घेऊन बाहेर गेले. तुझ्या लेखातली आई ती. तो अजून जिवंत होता. पाणी अर्धं आत गेलं, अर्धं कानाकडून मातीत गेलं. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघत होता की वर, सांगता येणार नाही. अॅम्ब्युलन्स घाट चढून येईपर्यंत तो गेलेला होता.

पेन खाली ठेवलं होतं. मावशीने जेवायला हाक मारली. जेवून आले.

"कुणीतरी" असं मी वर लिहिलंय. तीन वेळा लिहिलंय, मोजलं आत्ता. दोन ठिकाणी मला खरंच आठवत नाही. तिसऱ्या ठिकाणी आठवतं.

दांडा अक्षयच्या हातात होता. तुझ्या भावाच्या.

त्याची त्या दिवशी दुसरी पाळी होती, एक वाजता कंपनीची बस. निळा युनिफॉर्म घालून तो जेवायला बसला होता. माझी हाक ऐकून ताटावरून उठून आला. हाताला भात लागलेला होता. विनीतच्या मोबाईलमध्ये त्याची नुसती पाठ येते, त्यामुळे पोलिसांनी त्याला धरलं नाही. रितेशसह चौघांना धरलं. त्याच संध्याकाळी देवळात बैठक झाली, यापुढे कुणी कुणाचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. बाबाही गेले होते. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तू काय बघितलास?" मी म्हटलं, काही नाही. ते म्हणाले, "बरा झाला." आणि आम्ही दोघंही भिंतीकडे तोंड करून झोपलो.

युनिफॉर्म मी धुतला. साबणाने, नंतर मिठाने. तू कायदा शिकतेस, याला काय म्हणतात ते तुला माहीत असेल.

दिवाळीतली गोष्ट आठवते? मी चकल्या पाडत होते, तू आणि अक्षय ओट्यावर भांडत होतात. तू म्हणत होतीस, हक्क कुणी द्यावे लागत नाहीत, ते माणसाबरोबर जन्माला येतात, तो कुठल्या गावचा, कुठल्या देशाचा, याने फरक पडत नाही. दूर कुठे कुणावर अन्याय झाला तर त्याचं आपण देणं लागतो की नाही, यावर तुमच्याकडे मोठमोठी पुस्तकं आहेत म्हणालीस. अक्षय हसला. "दोन हजार किलोमीटरवरच्या माणसाचा मी काय घेतलाय, म्हणून त्याचा देणं लागू? तो माझा कोण?" तू चिडलीस. मला विचारलंस, तुझं काय मत? मी म्हटलं, मला तळू द्या. मनातून मला अक्षयचंच पटलं होतं.

दोन हजार किलोमीटर चालून आल्यासारखा तो माणूस माझ्या पायरीवर आला. शाळेत असताना चवदार तळ्यावर तू भाषण करायचीस, पाणी पिणं हा माणसाचा हक्क म्हणून. पाठ मीच करून घ्यायचे तुझ्याकडून. तो कॅन घेऊन पाणीच मागायला आला होता, आणि खणत होता तो चर आपल्याच नळाचा. दर वर्षी फेब्रुवारीपासून मी तीन हंडे घेऊन खालच्या विहिरीवर जाते, तो त्रास संपावा म्हणून. आता सांग, तो माझा कोण?

मला एवढंच समजलंय, आणि ते चुकलं असेल तर तू सुधार. हक्क त्याच्याबरोबर जन्माला आले असतील. पण त्या दहा मिनिटांत ते त्याच्याजवळ नव्हते. तो ओरडून ओरडून सांगत होता आणि कुणाला ऐकू येत नव्हतं. त्याचा जगायचा हक्क त्या वेळी माझ्या तोंडात होता, एका वाक्यात. मी तो गिळला.

मार्चच्या शेवटी मला सोमराला बघायला जावंसं वाटलं. तो इथे महाडलाच एका दवाखान्यात होता. डोक्याला बावीस टाके, एका कानाने ऐकू येत नाही. मला बघून उठून बसायला लागला. त्याच्या मनात मी ती पाणी पाजणारी. त्याने लगेच मोबाईल काढला आणि जतरूच्या आईला लावला. मी नको नको म्हणत होते. त्या बाईला हिंदीही नीट येत नाही. तिकडून कुणीतरी शिकवलेलं वाक्य ती जपून जपून म्हणाली, "बहिन, मेरा बेटा प्यासा नहीं गया. भगवान तुमको अच्छा रखे." मग तिच्या भाषेत बरंच बोलली. सोमरा सांगत गेला. तिला विचारायचं होतं, पाणी गार होतं का? लहानपणापासून त्याला गार पाणी लागायचं.

मी "हां" म्हटलं. पाणी पिंपातलं होतं, कोमट.

तिथून वाडीवर गेले ती ठरवूनच.

अक्षयला आधी सांगायचं, पाठीमागे करायचं नाही, एवढं मी मनाशी धरलं होतं. १ तारखेला त्याची सुट्टी होती. अंगणात तो गाडी धूत होता. मी म्हटलं, "अक्षय, उद्या मी कोर्टात जबाब द्यायला जातेय. सगळा सांगणार हाय. तुझापण."

त्याला आधी समजलंच नाही. मग त्याने मला मारलं. तोंडात मारलं, उजव्या हाताने. मी तुळशीच्या कट्ट्यावर आपटले. बाबा गोठ्यातून धावत आले, तोवर त्याने बादली भिंतीवर फोडली होती, माझा मोबाईल दगडाने ठेचला होता, तेव्हापासून मी तुझ्याशी मावशीच्या फोनवरून बोलतेय. "पोटच्या पोराला फाशी देशील? त्या भिकारड्यासाठी? कोण तो तुझा?" माझ्या तोंडात रक्त होतं.

मग तो खाली बसला. पाण्यातच बसला आणि लहानपणी रडायचा तसा हुंदके देऊन रडायला लागला. "आये, मला वाटला तो समीक्षाला नेतोय. तूच वरडलीस ना गो? तूच वरडलीस ना?"

ऋतिका, त्याच्या हाताचं मला काही वाटलं नाही. हे लागलं.

मी म्हटलं, "व्हय. मीच वरडले. मला ठाव होता तो काटा काढत होता, तरी मी सांगितला नाय. म्हणून पयला माझा सांगणार, मंग तुझा."

बाबा आमच्या दोघांच्या मध्ये उभे होते. ते एवढंच म्हणाले, "मी बापूस हाय. मला दोघांतला एक निवडायला लावू नकोस, तुळसा." मी नाही लावलं. मी पिशवी भरली. वाटेत साळूबाईच्या ओट्यावरून दगड आला, पाठीत बसला. दुसरा डोक्यावरून गेला. मी मागे बघितलं नाही. रावजी एका हाताने माझी पिशवी धरून फाट्यापर्यंत आले. एसटी आल्यावर म्हणाले, "आता तुझ्याशी कोन बोलायचा नाय वाडीत. माझ्याशीपन नाय बोलत. दोघांचा चालंल."

२ तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर मी जबाब दिला. साहेबांनी विचारलं, कुणाचा दबाव आहे का? मी म्हटलं, एका बाईने पाणी गार होतं का विचारलं, तेवढाच. त्यांना कळलं नाही, मग मी सगळं सांगितलं. माझी हाक, काटा, कडी, दांडा, युनिफॉर्म. दोन तास लागले. खाली सही केली, तुळसा येसाजी उतेकर. अंगणवाडीचा राजीनामाही लिहून पाठवलाय. माझ्यावरही गुन्हा दाखल होईल, वकील म्हणाले. व्हायला हवा.

त्या रात्री अक्षय घरी नव्हता. पोलीस येऊन गेले, मिळाला नाही.

परवा, ३ तारखेला सकाळी मावशीच्या मोबाईलवर फोन आला. अक्षयचा. मागे भोंगा वाजत होता, अनाऊन्समेंट चालू होती. म्हणाला, "आये, वीरला हाय मी. स्टेशनवर." मी म्हटलं, जेवलास? म्हणाला, वडापाव खाल्ला. मग म्हणाला, "गाडी येतेय. गोव्याला एक पोरगा हाय माझ्या वळखीचा. बसू?"

मला तो विचारत होता. चोवीस वर्षांचा माणूस, पण शाळेच्या सहलीला जाऊ का विचारायचा तसाच. मी हो म्हटलं असतं तर बसला असता. गाडीचा आवाज फोनमध्ये जवळ येत होता. मावशी माझ्यासमोर उभी राहून मानेनेच हो म्हण, हो म्हण सांगत होती. तिचे डोळे भरले होते. सेजल दाराला टेकून खाली बघत होती.

मी म्हटलं, "नको बसू, अक्षय."

गाडी आली, थांबली. माणसांचा गलबला, चहावाल्याची आरोळी, सगळं ऐकू येत होतं. मी फोन कानाला लावून उभी. गाडी सुटल्याचा आवाज आला. तो आहे का गेला, मला कळेना. विचारायचं धाडस होईना. गाडीचा आवाज पार गेल्यावर तो म्हणाला, "आये, रिक्षावाला दोनशे मागतोय महाडला यायला. तू पोलीस स्टेशनला येशील ना?"

मी गेले. तो रिक्षातून उतरला, माझ्याकडे बघितलं, माझ्या सुजलेल्या गालाकडे बघितलं, मान खाली घातली. आम्ही पायऱ्या बरोबर चढलो.

आता तुझ्यासाठी एक काम आहे. तू त्याची बहीण आहेस आणि उद्या वकील होशील. त्याला चांगला वकील बघून दे. त्याने केलंय ते त्याने सांगावं, शिक्षा होईल ती भोगावी, पण कोठडीत त्याच्या अंगाला कुणी हात लावता कामा नये, त्याला पाणी, जेवण वेळेवर मिळावं, त्याचं म्हणणं कुणीतरी पुरतं ऐकून घ्यावं. जतरूला यातलं काही मिळालं नाही. अक्षयला मिळावं असं मला वाटतं, आणि असं वाटण्याची मला लाज वाटत नाही. हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे ते बघ आणि तेवढं त्याच्यासाठी कर.

आणि जमलं तर जतरूच्या आईला कुणीतरी खरं सांगायला हवं. मीच सांगणार आहे. सोमराला मी खरं सांगितलंय, तरी तो म्हणतो, बरोबर येईल, तिची भाषा मला सांगेल. तिच्याकडे, झारखंडात लातेहारला कसं जायचं ते सेजलने मोबाईलवर शोधून दिलंय. पोलिसांनी परवानगी दिली की जाईन. ती मला घरात घेईल का, ते माहीत नाही. पाणी कोमट होतं, हेही सांगेन.

तू माझ्यावर रागावशील, दुरावशील, तेही मी धरून चाललेय. एवढंच कर, तो लेख माझ्यासाठी फाडू नकोस. त्यातली बाई खोटी असली तरी तू लिहिलेलं खरं आहे.

नीट जेवत जा. रात्रीची जागू नकोस.

तुम्हां दोघांचीही,
आई